निळ्या माणसाचे हात

काडीकाकांना खोटं बोलायची नोकरी लागली तेव्हा त्यांच्या बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. "आयुष्यभर फुकटात केलंत, ते आता पगारी करणार म्हणा की!"

काडी हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. जिथं जावं तिथं एक काडी टाकावी आणि लांब उभं राहून गंमत बघावी, हा काकांचा जुना धंदा. मागच्या ऑफिसात नव्या माणसाला त्यांनी पटवून दिलं होतं की इथली लिफ्ट बटणावर चालत नाही, आवाजावर चालते. तो गडी आठवडाभर लिफ्टमध्ये शिरून "चौथा मजला!" म्हणून ओरडत होता आणि काका आतल्या आत गुपचूप चौथ्याचं बटण दाबत होते. त्याआधी नाटकांत किरकोळ कामं, मग जाहिरातींना आवाज. चेहऱ्यावरची रेघ न हलवता थाप मारायची, ही एकच विद्या त्यांना पक्की येत होती, आणि प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमना नेमकी तीच हवी होती.

मॅडमची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबलचक मजला. त्यात चार बंद खोल्या, प्रत्येकीत जमिनीवर रबराची चटई आणि छतातून लोंबणारी वायर. एकेका खोलीत एकेक माणूस उभा करायचा, डोक्याला तो जाडजूड व्हीआरचा चष्मा बांधायचा, दोन्ही हातांत कंट्रोलर द्यायचे. चष्मा लागला की चौघंही एकाच मोठ्या दालनात. तिथं हवेत हजारो ठिपके तरंगत असायचे आणि एकेक ठिपका म्हणजे एकेक पेशंट. ठिपक्यांभोवती हिंडायचं, वाकून बघायचं, बोट दाखवायचं, वाद घालायचा आणि चौघांनी मिळून सांगायचं की ह्या डेटातून काय निघतं. डेटा बनावट होता, पण उत्तर त्यात खरोखरचं एक पेरलेलं होतं.

मॅडमना त्या उत्तराचं काही पडलेलं नव्हतं. माणसं मिळून विचार कशी करतात, कोण कोणाचं ऐकतं, आणि एखादा ठासून चुकीचं बोलला तर बाकीचे त्याच्या मागं जातात का, ह्याचा त्या अभ्यास करत होत्या. म्हणून चौथा माणूस आपला, मुद्दाम चुकीचं बोलणारा. बाकीच्या तिघांना सांगायचं की हे दुसऱ्या शहरातले तज्ज्ञ आहेत. दालनात तो दिसायचा निळा. निळं गुळगुळीत डोकं, चेहरा नाही, धड नाही, खाली हवेत दोन निळे हात. आवाजही मशीनमधून जाड होऊन यायचा. डोकं उसनं, आवाज उसना, पण हात जसे हलतील तसेच तिथं दिसायचे.

तर काका आधी तिघांना चष्मे बांधून द्यायचे, फडक्यानं काचा पुसून, केस पट्ट्यात अडकले तर सोडवून. मग "मी चहा टाकून येतो" म्हणून सगळ्यात मागच्या, सामान भरलेल्या चौथ्या खोलीत जायचे आणि रिकाम्या खोक्यांच्या मधोमध उभं राहून निळे व्हायचे.

एका मोठ्या हॉस्पिटलच्या टीम यायला लागल्या, त्यातल्या एका टीममध्ये वॉर्डातल्या एक सिस्टर होत्या. बरोबर शस्त्रक्रियेचे मोठे डॉक्टर आणि हॉस्पिटलची आकडेमोड बघणारे एक बारीक आवाजाचे गृहस्थ.

"सिस्टर, जपून हां," पट्टा आवळताना काका म्हणाले. "ह्यातून माणसाचं खरं वय दिसतं."

"मग तुमच्याकडे बघतच नाही. उगाच धक्का बसायचा."

काका खूश. बरोबरीचं गिऱ्हाईक भेटलं की त्यांना चहा गोड लागायचा.

आत सिस्टरनी फार वेळ घेतला नाही. ठिपक्यांच्या गर्दीत शिरल्या, गुडघे वाकवून बसल्या, आणि म्हणाल्या, "सर, इथं या. जखम चिघळलेले पेशंट म्हणजे लाल ना? हे लाल सगळे एकाच ऑपरेशनच्या खोलीभोवती जमलेत. बाकीच्या खोल्यांकडे तुरळक. ह्या खोलीतच काहीतरी आहे."

बरोबर होतं. पेरलेलं उत्तर हेच होतं. काकांनी ठरल्याप्रमाणे त्यांना बोलू दिलं, मग ताटावरचे कण बाजूला सारावेत तसा उजवा हात आडवा फिरवला. "हे सगळं सोडा." आवाज जाड, शांत. "खोलीचा काही संबंध नाही. म्हातारे पेशंट त्या खोलीत जास्त गेलेत, म्हणून लाल दिसतंय. हे वय आहे. माझ्या जागेवरून बघा."

त्या दालनात तशी सोय होती. एक बटण दाबलं की सगळे आपण उभे आहोत तिथं खेचले जायचे. काका उभे होते छताजवळ. तिथून खाली पाहिलं की लाल ठिपके खरंच पांगलेले वाटायचे. मॅडमनी ती जागा मुद्दाम शोधून ठेवली होती.

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. "मी हेच म्हणणार होतो."

आकडेवाले म्हणाले, "वरून तर तसंच दिसतंय खरं."

सिस्टर एकट्या परत खाली गेल्या. लाल ठिपक्यांभोवती एक फेरी मारली. काकांना वरून त्यांचं फक्त डोकं आणि हात दिसत होते. मग त्या वर आल्या आणि निळ्या माणसाच्या शेजारी उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "माझं आपलं उगाच काहीतरी. तुम्ही म्हणता तेच असेल."

बाहेर मॅडमनी टाळी दिली. "काका, झकास! तिघंही गेले तुमच्या मागं!" काकांनी नाटकातल्यासारखं कमरेत वाकून मानवंदना स्वीकारली. खरं सांगायचं तर मजा आली होती. कुठलीही थाप पचली की मजाच येते.

असल्या प्रयोगात शेवटी सगळं सांगून टाकायचं असतं, की बाबांनो, तो माणूस आमचा होता, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पण इथं मॅडमनी परवानगी काढून ते पुढं ढकललं होतं. एकाच हॉस्पिटलचे लोक. एकाला आज सांगितलं की उद्या कँटीनमध्ये सगळ्यांना कळणार आणि उरलेल्या टीम निळा माणूस दिसला की हसायला लागणार. म्हणून ठरलं की सगळ्या टीम संपल्या की सगळ्यांना एकदमच सांगायचं. वाईट कोणाचंच करायचं नव्हतं. थाप आणि खुलासा ह्यांच्या मध्ये काही दिवस जाणार होते, एवढंच. त्या दिवसांत माणसं काय करतील, हा प्रश्न कोणाच्या डोक्यातच आला नाही. काकांच्यासुद्धा नाही, आणि थापेच्या बाबतीत तर ते मुरलेले उस्ताद.

प्रत्येक टीम दोनदा यायची. दुसऱ्या खेपेला निळा माणूस नसायचा. त्याचा परिणाम मागं उरतो का, तेवढंच बघायचं. म्हणून त्या दिवशी काका मॅडमशेजारी स्क्रीनसमोर बसले होते. स्क्रीनवर प्रत्येकाच्या डोक्यातून एक बारीक रेघ निघायची. माणूस जिकडं बघतोय तिकडं ती जायची.

नवा डेटा, नवे ठिपके. डॉक्टर बोलत होते, आकडेवाले हो म्हणत होते. सिस्टरची रेघ मात्र एका घोळक्यावर जाऊन थांबली. ह्या वेळचं उत्तर तिथंच होतं. रेघ हलेना. डॉक्टर दुसऱ्या टोकाला काहीतरी समजावत राहिले आणि सिस्टर तशाच त्या जागी बघत उभ्या, हात दोन्ही बाजूंना लोंबत.

"सिस्टर, तुमचं काही?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही सर."

मशीननं त्यांच्या नावापुढं आपोआप शेरा मारला: सहभाग कमी. मॅडम हलकेच म्हणाल्या, "बापरे. एवढा टिकतो परिणाम?" आणि लिहून घेतलं. काकांचा हात चहाच्या कपावर होता तो तिथंच राहिला.

चष्मा काढायला गेले तेव्हा काका सवयीनं म्हणाले, "काय मग, दिसलं का कुणाचं वय?" सिस्टर हसल्या. हसू आपलं तोंडापुरतं. काकांनी केसांचा चिमटा सोडवला तशा त्या आपणहून बोलल्या.

"काका, मागच्या वेळचे ते निळे साहेब येत नाहीत का आता?"

"का हो?"

"आभार मानायचे होते त्यांचे." त्यांनी चिमटा हातात घेतला. "आमच्या वॉर्डात पेशंटच्या जखमा चिघळताहेत. मला कधीपासून वाटतंय की टोकाच्या बेसिनमुळं होतंय. त्याचं पाणी तुंबतं, शिंतोडे उडतात, आणि त्याच्या शेजारच्या पलंगांवरचेच पेशंट परत परत तापतात. मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं. ते म्हणाले, तिकडं आपण म्हातारे पेशंट ठेवतो, हे वय आहे. मी ऐकलं नाही. वरपर्यंत गेले. आता सोमवारी समिती बसणार आहे."

काकांनी विचारलं, "मग?"

"मग काय! इथं पण मी तेच केलं ना. दिसली गर्दी की चिकटवली खोलीला. ते साहेब काही आमच्या हॉस्पिटलचे नाहीत, त्यांना माझ्याशी काय घेणं? तेसुद्धा म्हणाले वय. डॉक्टर तर आता वॉर्डात सगळ्यांना सांगतात, सिस्टरना सगळीकडं बेसिनच दिसतं." त्या उठल्या. "सोमवारी सांगून टाकणार, माझा गैरसमज झाला. एकदा कळलं की आपल्याला दिसतं तेच वाकडं, की मग उगाच लोकांना वेठीला कशाला धरायचं."

काका तडक मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं.

मॅडम ऐकून घेताना पेन खाली ठेवून बसल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. चेहरा उतरला त्यांचा.

"काका, मला कळतंय. पण अजून त्यांच्याच हॉस्पिटलच्या टीम यायच्यात. आज सांगितलं तर पुढचं सगळं फुकट. मागचंही टाकून द्यावं लागेल. माझी इथली मुदत ह्या कामावर वाढणार आहे, तुम्हाला माहितीये."

"सोमवारी ती बाई माघार घेणार आहे, मॅडम."

"ते बेसिन आणि आपला डेटा ह्यांचा काही संबंध नाही."

"डेटाचा नसेल. माझा आहे."

"बघते मी. परवानगी देणाऱ्यांना विचारते, एखाद्याला आधी सांगता येतं का."

"कधी कळेल?"

"ते लोक बसतील तेव्हा." मॅडमनी खिडकीकडं पाहिलं. "सोमवारच्या आत नाही, काका. खोटं कशाला सांगू."

घरी काकांनी जेवताना सगळं बायकोला सांगितलं. ती दंतवैद्याच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करायची. दिवसभर सुजलेल्या गालांची माणसं बघून कशालाही न घाबरणारी बाई. ऐकता ऐकता तिनं वाढायचं थांबवलं.

"तुम्ही माझ्या भावाला सांगितलं होतंत की त्याला टक्कल शोभतं. त्यानं सगळे केस काढले. तेव्हा हसलात. मीही हसले."

"केस परत आले गं त्याचे."

"तेच म्हणतेय," ती म्हणाली आणि आमटीचं भांडं उचलून आत गेली. आतून तिचा आवाज आला, "नोकरी जाईल ना?"

"जाईल."

"जाऊ दे. घरात दोन दिवस शहाण्यासारखं बसाल, तेवढंच."

पण थट्टा करताना तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, हे काकांना कळलं.

सोमवारी काका हॉस्पिटलात पोचले तेव्हा सिस्टर समितीच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या होत्या. गणवेश कडक इस्त्रीचा, बूट पुसलेले, हात मांडीवर. काकांना बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"काका? तुम्ही इथं? कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. सिस्टर, मी काय सांगतो ते नीट ऐका. तो निळा माणूस तज्ज्ञबिज्ज्ञ नव्हता. तो प्रयोगाचा भाग होता. मुद्दाम चुकीचं बोलायला ठेवलेला. तुम्हाला दिसलं तेच खरं होतं. दोन्ही वेळेला."

सिस्टरनी त्यांच्याकडं क्षणभर पाहिलं आणि मायेनं मान हलवली. "काका, तुम्ही ना. माझी समजूत काढायला एवढ्या लांब आलात?"

"समजूत नाही हो! खरं सांगतोय!"

"त्या दिवशी आकडेवाल्या साहेबांना तुम्ही म्हणालात, चष्मा घालून शिंकलात तर सगळा डेटा उडेल. बिचारे नाक दाबून उभे होते. हेही तसंच. मन मोठं आहे तुमचं, पण नको आता. मी ठरवलंय माझं."

आता काय करावं! आयुष्यभर ज्याच्या थापा लोकांनी डोळे मिटून गिळल्या, त्याचं पहिलं खरं वाक्य बाहेर पडलं आणि समोरचा माणूस हसला. खोलीचं दार किलकिलं झालं, कोणीतरी डोकावून "पाच मिनिटं थांबा" म्हणालं आणि परत मिटलं.

"तुम्ही खाली गेला होतात एकट्या," काका घाईघाईनं म्हणाले. "फेरी मारलीत. मग वर येऊन म्हणालात, माझं आपलं उगाच काहीतरी."

सिस्टरचं हसू मावळलं. पण त्या म्हणाल्या, "रेकॉर्डिंगवर ऐकलं असेल तुम्ही."

"रेकॉर्डिंग कसलं! अहो, ते डॉक्टर म्हणतात, समिती म्हणते, मॅडम म्हणतात," काका उभे राहिले, जीव तोडून बोलायला लागले की त्यांना बसवत नसे, "हे सगळं सोडा—"

आणि हात फिरला. उजवा, आडवा, ताटावरचे कण सारल्यासारखा.

सिस्टर त्या हाताकडं बघत राहिल्या. काकांनी तो खाली घेतला तरी त्यांची नजर तिथंच होती. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते काकांना बघवेना, पण नजर काढणं त्याहून कठीण होतं. दालनात चेहरे नव्हते. तिथं हे सगळं किती सोपं गेलं होतं.

"तुम्ही," त्या म्हणाल्या.

"मी."

"चष्मा तुम्हीच बांधलात मला."

"हो."

"आणि मी तुमच्याचपाशी बसून आभार मानले."

माफी मागायचे शब्द काकांनी येताना रस्त्यात जुळवले होते, ते आता तोंडात आले की खोटे वाटतील अशी त्यांना भीती वाटली.

सिस्टर रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मग वॉर्डात औषध विचारावं तशा सरळ सुरात त्यांनी विचारलं, "दुसऱ्या वेळी मी बघत होते ती जागा?"

"बरोबर होती. तुम्ही डोळे हलवले नाहीत तिथून. स्क्रीनवर दिसत होतं."

"आणि मी नाही म्हटलं."

"हो."

"पण काका, तुमच्या ठिपक्यांत मी बरोबर निघाले म्हणून माझं बेसिन दोषी ठरत नाही."

"नाही ठरत," काका म्हणाले. एवढं नीट, एवढं साधं ते कधीच बोलले नव्हते. "मला त्यातलं काही कळत नाही. कदाचित वयही असेल. माझ्यामुळं माघार घेऊ नका, इतकंच."

दार उघडलं. त्यांना आत बोलावलं. सिस्टर उठल्या, गणवेश खाली ओढून सरळ केला आणि काकांकडं न बघता आत गेल्या. दार पूर्ण लागलं नाही. आतून मोठ्या डॉक्टरांचा आवाज आला, समजूतदार, थोडा दमलेला. "सिस्टरना काही सांगायचंय, त्यांचा जरा गैरसमज—"

"गैरसमज झाला असं मी सांगणार होते," सिस्टरचा आवाज. "ते आता सांगत नाही. सर, मला खात्री नाहीये. तुमचं बरोबर असेल, वय असेल. पण ते बसून ठरवायचं नाही. बेसिनचा पाइप उघडा, आतलं तपासायला पाठवा. मी तिथं उभी राहते. आणि तपास येईपर्यंत ते दोन पलंग रिकामे ठेवा."

"सिस्टर, त्या प्रयोगात आपण सगळ्यांनी पाहिलं की—"

"त्या प्रयोगाचं मी तुम्हाला नंतर सांगीन. आत्ता पाइप."

काका बाकावरून उठून जिन्यापाशी गेले आणि मॅडमना फोन लावला. लांबण लावली नाही. सांगितलं, मी तिला सांगितलं. पलीकडं मागं मशीनच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"उद्यापासून येऊ नका," मॅडम म्हणाल्या.

"बरं."

काका फोन ठेवणार तेवढ्यात मॅडमनी विचारलं,

"तिनं काय केलं?"

"माघार घेतली नाही."

मॅडमनी लांब श्वास सोडला. "बाकीच्या टीममध्येही असं कोणी असेल, काका. आपण विचारलंच नाही कुणाला, इथून घरी जाऊन काय केलंत म्हणून." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "आजच फोन करायला हवेत सगळ्यांना." आणि फोन बंद झाला.

दुपारी नळ दुरुस्त करणारा फिटर आला, खांद्यावर पिशवी, हातात मोठा पाना. त्याच्या पुढं सिस्टर चालत होत्या, हातमोजे घालता घालता. "टोकाचं बेसिन," त्या त्याला सांगत होत्या. "पाइप खाली ठेवू नका, मी भांडं धरते. आणि आधी हात धुऊन घ्या, पण तिथं नको, इकडच्या नळावर."

काका भिंतीला चिकटून उभे राहिले, वाट द्यायला. सिस्टर त्यांच्या अगदी जवळून गेल्या. थांबल्या नाहीत. वॉर्डाचं दार मागं-पुढं हलत राहिलं. थोड्या वेळानं आतून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यायला लागला. काका तो ऐकत तिथंच उभे राहिले.